पीएलए आणि पीएचबी बॅरलमध्येच डिग्रेड का होतं आणि मशीनवर ते कसं आवरायचं

पीपी, एचडीपीई, एबीएस चालवून हात बसलेल्या माणसाकडे पहिल्यांदा पीएलएची (साखर-स्टार्चपासून बनणारं कंपोस्टेबल प्लास्टिक) ऑर्डर येते तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. माल मोल्डमधून मस्त निघतो, चकचकीत, शॉर्ट (अर्धवट भरलेला) नाही, सिल्व्हर (चंदेरी रेघा) नाही, क्यूसी पास करतं, आणि गाडी गेल्यावर आठवड्याभरात गिऱ्हाइकाचा फोन, चमचा हातात मोडतोय. मग इकडे टेंपरेचर वाढवून बघ, इंजेक्शन प्रेशर वाढवून बघ, असं सुरू होतं आणि माल अजूनच ठिसूळ येतो. १ जुलै २०२२ ला सिंगल यूज प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, प्लेटा बंद झाल्यापासून कंपोस्टेबल मटेरियलची चौकशी वाढलीय, जेजुरीला प्राज कंपनीचा बायोपॉलिमरचा डेमो प्लांट २०२४ मध्ये सुरू झाला, उत्तर प्रदेशात कुंभीला बलरामपूर चिनी या साखर कंपनीचा पीएलएचा मोठा प्लांट येतोय, म्हणजे हे मटेरियल आता आपल्या शॉप फ्लोअरवर येणारच आहे. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पॉलिमर म्हणजे लांब साखळी, आणि ताकद त्या लांबीत असते. साखळी मधूनच तुटली की वस्तू दिसायला तशीच राहते पण आतून गेलेली असते. पीपीची साखळी कार्बन-कार्बनची, तिला पाण्याचं काही पडलेलं नाही. पीएलए, पीएचबी (बॅक्टेरियापासून मिळणारं), पीबीएटी (कॅरी बॅगचं मऊ मटेरियल) हे सगळे पॉलिएस्टर, म्हणजे साखळीत ठराविक अंतरावर एस्टर बाँड असतो, आणि हाच बाँड जमिनीत गेल्यावर तुटावा म्हणून तर आपण हे मटेरियल घेतो. तोच बाँड बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या स्क्रूवाल्या गरम नळीत, २०० डिग्रीला पण तुटतो, तिथे तर कितीतरी पटीने जोरात. पण सगळे एकाच कारणाने तुटत नाहीत, पीएलएचा मुख्य शत्रू पाणी, पीएचबीचा उष्णता आणि वेळ, स्टार्चवाल्याचा जास्त शिअर (स्क्रूने घासलं जाणं) आणि करपणं. मटेरियल कशाने तुटतंय ते माहीत नसताना सेटिंग बदलत बसलात तर गोणीमागून गोणी वाया जाते.

आता पीएलए आणि पाणी. याचा हिशोब एकदा कागदावर करून बघाच, तो केल्याशिवाय ड्रायरवर पैसे घालवायची कुणाची तयारी होत नाही. एक पाण्याचा रेणू एक एस्टर बाँड तोडतो, म्हणजे एका साखळीच्या दोन होतात. समजा पीएलएचं नंबर ॲव्हरेज मॉलिक्युलर वेट (साखळ्यांचं सरासरी वजन) १ लाख आहे, तर १ किलो मटेरियलमध्ये साखळ्या झाल्या १० मिलीमोल (रेणू मोजायचं एकक). आता त्यात ०.१ टक्का पाणी आहे, म्हणजे किलोला १ ग्रॅम, पाण्याचं मॉलिक्युलर वेट १८, म्हणजे साधारण ५५ मिलीमोल पाणी. १० साखळ्यांमागे ५५ कात्र्या! सगळं पाणी लागू पडलं तर १ लाखाचे साधारण १५ हजार होतात, म्हणजे मटेरियल संपलंच. २५० पीपीएमला (दहा लाख भागात २५० भाग पाणी) हाच हिशोब ४२ हजारावर येतो आणि ५० पीपीएमला ७८ हजारावर. प्रत्यक्षात सगळं पाणी रिॲक्ट होत नाही, बॅरलमध्ये दोन-तीन मिनिटंच जातात, थोडी वाफ हॉपरकडून निघून जाते, म्हणून २५० पीपीएमच्या खाली सुकवलेलं मटेरियल मोल्डिंगला चालतं आणि सप्लायर पण हाच आकडा सांगतात. २५० पीपीएम म्हणजे २५ किलोच्या गोणीत सव्वासहा ग्रॅम पाणी, चहाचा एक चमचा आणि वर थोडंसं. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या दाण्यात याच्या दहापट पाणी बसू शकतं आणि हाताला दाणा कोरडाच लागतो.

म्हणून ड्रायर. साधा हॉट एअर ड्रायर कोकणपट्टीत, मुंबई-वसईला, जुलैमध्ये पीएलएला पुरत नाही, आणि याचं कारण नीट समजून घ्या. बाहेरची ३० डिग्रीची ८५ टक्के ह्युमिडिटीची हवा तुम्ही ८० पर्यंत तापवली तरी तिच्यातलं पाणी कुठे गेलं? ते हवेतच आहे, तिचा ड्यू पॉइंट (ज्या टेंपरेचरला तिच्यातलं पाणी दव होऊन सुटतं) २७ च्या आसपासच राहतो, अशी हवा दाण्यातून पाणी काढते खरी पण ठराविक मर्यादेपर्यंतच, त्यानंतर कितीही तास ठेवा, २५० च्या खाली नेणं अवघड. पाहिजे डेसिकंटवाला (हवेतलं पाणी शोषणारे दाणे असलेला) डीह्युमिडिफाइंग ड्रायर, ड्यू पॉइंट उणे ४०. नवा घ्यायचा नसेल तर नायलॉन किंवा पेट चालवणाऱ्या कुणाकडचा वापरलेला मिळतो, पण डेसिकंट जिवंत आहे का आणि ड्यू पॉइंटचा मीटर चालू आहे का ते बघून घ्या, नुसता टेंपरेचरचा डिस्प्ले बघून काही कळत नाही.

टेंपरेचर किती ठेवायचं हे दाण्यावर आहे. गोणी उघडा, दाणा उजेडात धरा. दुधी, अपारदर्शक असेल तर तो क्रिस्टलाइन, त्याला ८० डिग्री आणि चार तास. काचेसारखा आरपार असेल तर तो ॲमॉर्फस, त्याला ४५ च्या पुढे नेऊ नका आणि आठ तास तरी द्या, कारण पीएलए ५५ ते ६० डिग्रीला मऊ पडायला लागतं आणि आरपार दाणे ८० ला टाकले तर सकाळी हॉपरमध्ये एकच दगड सापडतो, तो छिन्नीने फोडावा लागतो. अजून एक, हॉपरची साइज. मशीन ताशी १२ किलो खात असेल आणि चार तास सुकवायचं असेल तर ड्रायरच्या हॉपरमध्ये ४८ किलो माल सतत भरलेला पाहिजे. २५ किलोचा हॉपर असेल तर डिस्प्लेवर ८० दिसतंय, सगळं हिरवं आहे, पण प्रत्येक दाण्याला मिळतायत फक्त दोनच तास. हे मी फार ठिकाणी बघितलंय आणि लक्षात कुणाच्याच येत नाही, कारण पहिला शॉट चांगला येतो, रात्रभर भरून ठेवलेलं असतं ना, आणि दुपारनंतर माल बिघडतो, मग सगळे ऑपरेटरवर ओरडतात.

सुकवलेलं मटेरियल बादलीत काढून मशीनच्या हॉपरमध्ये ओतायचं हे बंद करा. ड्रायर मशीनवरच बसवा, नाहीतर झाकणवाला हॉपर आणि एका वेळेला थोडंच मटेरियल. गोणी अर्धी उरली तर आतली ॲल्युमिनियमची पिशवी दुमडून गरम सील मारायची, सुतळीने बांधून चालत नाही.

पाणी मोजायचं कसं? कार्ल फिशर, म्हणजे केमिकलने पाणी मोजायचं यंत्र, सगळ्यात खरं, पण ते प्रत्येकाकडे नसतं, बाहेरच्या लॅबला सॅम्पल द्यायचं तर दाणे ड्रायरमधून सरळ गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, बाटली काठोकाठ. हॅलोजन दिव्याचा मॉइश्चर बॅलन्स असतो त्याच्यावर पीएलएला डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो वजन किती घटलं तेवढंच बघतो, टेंपरेचर जास्त ठेवलं तर लॅक्टाइड उडून जातं ते पण पाणी म्हणून मोजतो. काहीच नसेल तर काचेच्या दोन स्लाइड हॉट प्लेटवर मेल्टिंगच्या वर तापवून चार-पाच दाणे मध्ये दाबायचे, ओलं असेल तर बुडबुडे दिसतात. याने ५० आणि २५० मधला फरक कळत नाही, पण मटेरियल सरळ सरळ ओलं आहे का एवढं कळतं, आणि बऱ्याचदा तेवढंच कळायची गरज असते.

समजा पाण्याचं सगळं नीट केलंत, तरी उष्णता आणि वेळ आहेच. कोरडं पीएलए १८० ते २१० ला दोन-चार मिनिटं आरामात सहन करतं, पण २३० च्या पुढे गेलं किंवा बॅरलमध्ये रेंगाळलं की साखळीचं टोक मागे वळून स्वतःलाच चावतं आणि लॅक्टाइड नावाचा छोटा गोल रेणू तुटून बाहेर पडतो. म्हणजे ज्या लॅक्टाइडपासून पीएलए बनवतात तेच परत तयार होतं, आणि बनवताना वापरलेलं टिनचं कॅटलिस्ट थोडं उरलेलं असतं ते हे काम अजून सोपं करतं. मोल्डवर, व्हेंटवर, शीट लाइनला रोलवर पांढरी पावडर बसायला लागली की ती हीच. ती पुसून पुढे चालू नका, ती पावडर सांगतेय की आत मटेरियल उलटं फिरायला लागलंय. धूर डोळ्याला घशाला झोंबतो, नोझलवर एक्झॉस्टचा हूड लावाच, ऑपरेटर बारा तास तिथे उभा असतो.

रेसिडन्स टाइम, म्हणजे मटेरियल बॅरलमध्ये किती वेळ बसतं, काढायला सोपा आहे. बॅरलमध्ये किती मेल्ट मावतं ते भागिले शॉटचं वजन, गुणिले सायकल टाइम. समजा १५० ग्रॅम शॉट कपॅसिटीचं मशीन आहे, स्क्रूमध्ये अंदाजे २५० ग्रॅम मटेरियल असतं, आणि तुम्ही १५ ग्रॅमचा शॉट २५ सेकंदाच्या सायकलवर काढताय, तर मटेरियल आत बसलं जवळजवळ सात मिनिटं. तोच मोल्ड जास्त कॅव्हिटीचा असता आणि शॉट ९० ग्रॅमचा असता तर सव्वा मिनिट पण नाही. एबीएसला सात मिनिटं काहीच नाही, पीएलएला ती खूप झाली. म्हणून मोठं मशीन रिकामं आहे तर त्यावर छोटा मोल्ड लावू हा विचार इथे करायचा नाही, शॉट कपॅसिटीच्या ३० ते ७० टक्क्यांमध्ये राहील असं मशीन निवडा. आणि हीटरच्या कंट्रोलरवर जे दिसतं ते मेल्टचं टेंपरेचर नव्हे. स्क्रूचा आरपीएम आणि बॅक प्रेशर जास्त असेल तर घर्षणानेच १०-१५ डिग्री वर जातं. शॉट हवेत मारा, लोंदा पडल्या पडल्या सुईवाला पायरोमीटर आधी थोडा गरम करून आत खुपसा आणि तो आकडा लिहून ठेवा. सेट २०० आणि लोंदा २२५ दाखवत असेल तर आधी आरपीएम आणि बॅक प्रेशर कमी करा, हीटरला नंतर हात लावा. हॉट रनर (मोल्डमधली तापवलेली वाट) असेल तर त्यातला वेळ पण धरायचा, त्याच्या कोपऱ्यात मटेरियल अडकून बसतं आणि पिवळं होऊन अधूनमधून बाहेर येतं.

पीएचबीची गोष्ट वेगळीच आहे आणि इथेच पीएलएवाले फसतात, त्यांना वाटतं चांगलं सुकवलं की झालं. पीएचबी बॅक्टेरिया आपल्या पेशीत चरबीसारखं साठवून ठेवतात, फ्रान्समध्ये मॉरिस लेमॉयन यांनी ते १९२० च्या दशकात शोधलं, मग इंग्लंडच्या आयसीआयने १९८० च्या दशकात त्याचा कोपॉलिमर बायोपॉल नावाने बाजारात आणला. त्याचा मेल्टिंग पॉइंट १७५ ते १८० आणि तुटायला सुरुवात पण तिथूनच जरा वर. म्हणजे तुम्हाला काम करायला खिडकी आहे १०-१५ डिग्रीची. आणि याला तुटायला पाणी लागतच नाही. त्याच्या साखळीत एस्टरच्या जवळ असा एक हायड्रोजन बसलेला आहे की उष्णता मिळाली की तो सहा अणूंचं कडं करून ऑक्सिजनकडे सरकतो आणि साखळी तिथेच दोन तुकडे, एका टोकाला डबल बाँड, दुसऱ्या टोकाला ॲसिड. हे कुठेही, साखळीच्या मधोमध पण होतं, म्हणून मॉलिक्युलर वेट एकदम कोसळतं. शेवटी क्रोटॉनिक ॲसिड सुटतं, त्याचा उग्र आंबट वास एकदा नाकात बसला की मशीनपासून लांब उभे राहून पण ओळखता येतो.

मग काय करायचं? शुद्ध पीएचबी घेण्यापेक्षा कोपॉलिमर घ्या, पीएचबीव्ही किंवा पीएचबीएच, त्यात दुसरा मोनोमर घातल्याने मेल्टिंग पॉइंट खाली येतो आणि खिडकी मोठी होते. टेंपरेचर प्रोफाइल नेहमीच्या उलट लावून बघा, मागे फीडकडे जरा जास्त म्हणजे दाणे पटकन वितळतील आणि पुढे नोझलकडे कमी, कारण नोझलकडे आलेलं मटेरियल सगळ्यात जास्त वेळ तापलेलं असतं. आरपीएम कमी, शॉट बॅरलच्या मानाने मोठा. मोल्ड थंड ठेवायचा मोह होतो, तो टाळा, ६० डिग्रीच्या आसपास पीएचबीव्ही पटकन जमतं, थंड मोल्डमध्ये ते चिकट राहतं आणि सायकल उलट वाढते, आणि सायकल वाढली की मागचं मटेरियल बॅरलमध्ये अजून शिजतं. सुकवा जरूर, पण ते सिल्व्हर येऊ नये म्हणून, त्याने हे डिग्रेडेशन थांबत नाही.

कॅरी बॅगवाल्यांचं मटेरियल बहुतेक पीबीएटी, त्यात थोडं पीएलए आणि कधी स्टार्च. पीबीएटी ११५-१२० ला वितळतं आणि पीएलएला १७० तरी लागतं, म्हणून दोघांना सांभाळत मधलं टेंपरेचर शोधायचं असतं, उगाच बबल (फिल्मचा फुगा) स्थिर करायला १९० वर नेऊ नका. स्टार्चवाल्या मटेरियलमध्ये तपकिरी छटा आणि भाजल्याचा वास आला म्हणजे करपलंच, आरपीएम आणि टेंपरेचर दोन्ही खाली.

फिलर घालणाऱ्यांनी मात्र नीट वाचा. भाताचा तूस, बगॅस, लाकडाचा भुसा, हे सगळं आपल्याकडे स्वस्त मिळतं आणि पीएलएत घालायची कल्पना चांगलीच आहे, पण साध्या हवेत ठेवलेल्या तुसात सहा-आठ टक्के पाणी असतं. २० टक्के तूस घातलात आणि त्यात ६ टक्के पाणी असेल तर एकूण मटेरियलमध्ये १.२ टक्के, म्हणजे १२,००० पीपीएम. पीएलए ५० पीपीएमपर्यंत सुकवलं होतं याला काय अर्थ राहिला? तूस १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये रात्रभर आणि गरम असतानाच एक्स्ट्रूडरमध्ये, वर बॅरलला व्हॅक्यूम व्हेंट चालू. चुना, खडू अशा अल्कली फिलरने आणि काही मेटलवाल्या पिगमेंटने पण पीएलए जास्त लवकर तुटतं, म्हणून नवीन मास्टरबॅच (रंगाचे दाणे) आला की आधी छोटी ट्रायल.

रिग्राइंड, म्हणजे दळून परत वापरायचा माल. रनर, स्प्रू (मोल्डच्या वाटेत उरलेले तुकडे) थंड मोल्डमधून निघतात म्हणजे ते आरपार, ॲमॉर्फस असतात. ते दळून सरळ ८० च्या ड्रायरमध्ये टाकले तर वर सांगितलेला दगड तयार. एक तर ४५ ला वेगळं सुकवा, नाहीतर ९०-१०० डिग्रीला सतत ढवळत क्रिस्टलाइज करून घ्या, दाणे दुधी झाले की मग नेहमीसारखं सुकवा. आणि प्रत्येक फेरीत साखळी अजून लहान होते हे लक्षात ठेवून २० टक्क्यांच्या वर जाऊ नका, खाण्याच्या वस्तूंना तर मी शून्यच ठेवायला सांगेन. पीएलएचा तुकडा पेटच्या रिग्राइंडमध्ये जाता कामा नये, पेटचा ड्रायर १६० वर असतो, त्यात पीएलए वितळून सगळ्याला चिकटतं. ग्राइंडर वेगळा ठेवता येत नसेल तर जाळी काढून साफ करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण करत नाहीत. मटेरियल तुटलं का हे डोळ्याने दिसत नाही, मग ओळखायचं कसं? एमएफआयने, म्हणजे वितळलेलं मटेरियल ठराविक वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतं त्या आकड्याने. गोणीतला सुकवलेला दाणा आणि मोल्ड केलेली वस्तू बारीक करून सुकवलेली, दोन्हींचा एमएफआय २१० डिग्री, २.१६ किलोवर काढा आणि शेजारी शेजारी लिहा. मेल्टची व्हिस्कॉसिटी मॉलिक्युलर वेटच्या ३.४ घातात बदलते, म्हणून साखळी नुसती १० टक्के लहान झाली तर व्हिस्कॉसिटी ३० टक्के पडते आणि ६ चा एमएफआय साडेआठच्या आसपास दिसतो. २० टक्के लहान झाली तर ६ चा १३ होतो. म्हणजे एमएफआय हा फार संवेदनशील भिंग आहे, ताकद अजून बरी वाटत असते तेव्हाच तो तुम्हाला सावध करतो. मी तरी वस्तूचा एमएफआय दाण्याच्या दीडपटीच्या वर गेला की लाइन थांबवायला सांगतो.

पण मोजताना एक नीट बघायचं. एमएफआय मशीनचं बॅरल पण बॅरलच आहे, ओलं सॅम्पल त्यात बसून पण तुटतं आणि तुम्हाला वाटतं मोल्डिंगमध्ये तुटलं. म्हणून एकच आकडा घेऊन उठू नका. दर ३० सेकंदाला कट घ्या, प्रत्येक कट क्रमाने मांडा आणि वेगवेगळा तोला. कोरड्या सॅम्पलचे कट पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारख्या वजनाचे येतात. ओल्याचे दर कटला जड होत जातात, दोरा बारीक आणि पाणीदार होत जातो, कधी आत बुडबुडे. कट जड होत चालले तर तो रिझल्ट फेकून द्या आणि सॅम्पल परत सुकवा.

चेन एक्स्टेंडर घालून तुटलेली साखळी जोडता येते का, असं बरेच जण विचारतात. येते, बीएएसएफचं जॉनक्रिल हे इपॉक्सीवालं त्यासाठीच आहे, अर्धा टक्का, फार तर एक टक्का, साखळीच्या टोकांना पकडून जोडतं. जास्त घातलं तर जेल होतात, फिल्ममध्ये माशाच्या डोळ्यासारखे ठिपके दिसतात. पण ओलं मटेरियल चालवायचं आणि वरून जॉनक्रिल टाकायचं हे मला पटत नाही, पैसे दोनदा जातात, आणि कंपोस्टेबलचं सर्टिफिकेट ज्या फॉर्म्युल्यावर मिळालंय त्यात तुम्ही नवीन काहीतरी घातलेलं असतं, आयएस/आयएसओ १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं स्टँडर्ड) ची टेस्ट आणि सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) सर्टिफिकेट त्या मूळ मटेरियलचं आहे, तुमच्या मिक्सचं नाही. सप्लायरला विचारून लेखी घ्या.

शेवटी मशीन थांबवताना. जेवणाची सुट्टी, लाइट गेली, मोल्ड अडकला, अशा वेळी पीएलए गरम बॅरलमध्ये तसंच सोडू नका. दहा मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर हीटर १७० पर्यंत उतरवा आणि परत सुरू करताना बॅरलभर मटेरियल लोंद्यात काढून टाका, त्यातला एकही शॉट मालात मिसळू नका. शिफ्ट संपवायची असेल तर कमी एमएफआयचं एलडीपीई किंवा पीपी घालून पूर्ण पर्ज करा (आतलं मटेरियल ढकलून बाहेर काढा), लोंदा एकसारखा दिसेपर्यंत, आणि बॅरल त्यानेच भरलेलं ठेवून बंद करा, कारण आत राहिलेलं पीएलए ॲसिड सोडत राहतं आणि स्क्रू-बॅरलच्या स्टीलला ते चांगलं नाही. पीएचबी असेल तर यातली दहा मिनिटं पण धरू नका, थांबलं की लगेच पर्ज. आणि जनरेटर नसेल तर निदान पर्जचं मटेरियल मापून मशीनशेजारी बादलीत तयार ठेवा, लाइट आल्यावर हीटर चढला की पहिलं तेच आत गेलं पाहिजे.